धाग्याच्या टोकाची गाठ

अण्णांना सगळ्यात आधी ऐकू येईनासा झाला तो टाळ. पखवाज ऐकू यायचा, पेटी यायची, बुवांचा खर्जातला आवाजही यायचा. २०११ सालची गोष्ट. फलटणला आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरात एकादशीचं भजन रंगात आलेलं असताना अण्णा मध्येच थांबले आणि शेजारच्याला म्हणाले, "पोरं टाळ का वाजवीनात?" पंधरा-वीस जोड दणदणत होते. त्यांतला एक अण्णांच्याच हातात होता. सगळे हसले. अण्णांचा स्वभाव तसा थट्टेखोर, त्यामुळे ही त्यांची नेहमीची फिरकी असंच सगळ्यांनी धरलं. मीही.

आम्ही शिंपी. नामदेव शिंपी. गळ्यात माळ पिढीजात, आणि दुकानात पायमशीन तीन पिढ्यांचं. आषाढ जवळ आला की अण्णांच्या दुकानात पांढऱ्या कापडाचा ढीग लागायचा. नेहरू शर्ट, बंड्या, टोप्या. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते, तोवर सगळ्या ऑर्डरी हातावेगळ्या करून अण्णा लोणंदला जाऊन दिंडीत सामील व्हायचे आणि पुढे पंढरपूरपर्यंत चालत जायचे. वर्षातले तेवढेच दिवस त्यांच्या कंबरेला बरं वाटायचं, असं ते म्हणत. माउली चालवते, असं आई म्हणे.

कंबर हे आमच्या घरातलं जुनं दुखणं. मी शाळेत असल्यापासूनचं. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं म्हटल्यावर कंबर धरणारच, त्यात विचारायचं काय! निर्गुडीचं तेल, विटेचा शेक, हाडवैद्य, मग हाडांचे डॉक्टर, एक्स-रे, कंबरेचा पट्टा. एक्स-रेत थोडी झीज दिसायची. पन्नाशीच्या शिंप्याच्या कंबरेत झीज दिसली नसती तरच नवल.

पण एक गोष्ट होती, ती आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं होती. रात्री दोन-तीनच्या सुमाराला अण्णा उठायचे आणि भिंतीला पाठ टेकवून बसायचे. डोळे मिटलेले, हात मांडीवर. पहाट होईपर्यंत तसेच. आळीत त्याची ख्याती होती. "काकड्याच्या आधी नामस्मरणाला बसतात," असं लोक सांगायचे. माझ्या सासरी ठरवाठरवीच्या बैठकीतसुद्धा हे कौतुकानं सांगितलं गेलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका न्यूरोसर्जनने अण्णांना विचारलं, "आडवं झाल्यावर जास्त दुखायचं का? बसलं की कमी व्हायचं?" अण्णांना ऐकू येत नव्हतं म्हणून मी कागदावर लिहून दाखवलं. अण्णांनी वाचलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मग? उगाच बसतोय व्हय मी रात्रभर?"

झिजलेल्या मणक्यांचं दुखणं साधारणपणे पडल्यावर उतरतं. पाठीच्या कण्याच्या आतली गाठ मात्र पुष्कळदा आडवं झाल्यावर जास्त ठणकते. हा फरक पाठ्यपुस्तकात असतो. आमच्या घरात त्याला भक्ती म्हणत होते.

टाळानंतर गेला तो वास. हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही, अण्णांच्याही नाही. गॅसवर दूध उतू जाऊन करपायचं आणि अण्णा शेजारीच शांतपणे पेपर वाचत असायचे. आईची चिडचिड व्हायची. "लक्ष कुठं असतं यांचं!" बुक्का लावल्यावर मात्र ते एकदा म्हणाले होते, आताच्या बुक्क्याला पहिल्यासारखा वास राहिला नाही, भेसळ करतात.

कानाचं यंत्र दोनदा घेतलं. दुसरं चांगलं महागाचं. तपासणीच्या कागदावर वरच्या पट्टीकडे जाणारी रेघ डोंगरकड्यासारखी खाली कोसळलेली होती. वयोमानाने असं होतं, असं सांगितलं गेलं. वय होतं एकोणसाठ. यंत्रानं आवाज मोठा व्हायचा, पण अण्णांची तक्रार वेगळीच होती. "आवाज येतो गं, शब्द येत नाही." ही तक्रार त्यांनी प्रत्येक ठिकाणी केली, जवळपास याच शब्दांत. कान तपासणाऱ्यांनी यंत्राची सेटिंग बदलून दिली. कानाची चूकच नव्हती. कानातून मेंदूकडे जाणारी नस मरत होती, आणि नस मेली की आवाजाचा गोंगाट तेवढा उरतो, बोलणं उरत नाही.

मग तोल.

हे लिहायला मला जड जातं. आधी खडूच्या रेघेत दिसलं. अण्णा कापडावर खडूनं आखायचे ते एका दमात, मानेपासून खांद्यापर्यंतचा बाक सुद्धा हात न उचलता. ती रेघ थरथरायला लागली. सुई ओवताना दोरा नाकाच्या अलीकडे-पलीकडे जायचा. मग चालणं. पाय फाकवून, एकेक पाऊल टाकत, वळताना भिंत धरत. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तर जास्तच. दुकान बंद करून घरी येताना ते आळीच्या या कडेवरून त्या कडेला जायचे. झोकांड्या खात. दुसरा शब्द मी वापरणार नाही, कारण लोकांनी तोच वापरला.

"माळकरी माणूस, आणि बघा."

कोण म्हणालं पहिल्यांदा ते मला माहीत आहे. नाव घेऊन काय करू? गिऱ्हाइकं कमी झाली. कुणी तोंडावर बोललं नाही, पण लग्नाचं कापड दुसरीकडे जायला लागलं. २०१६ च्या वारीत लोणंदहून पुढे निघाल्यावर चांदोबाच्या लिंबाजवळ, उभ्या रिंगणाच्या गर्दीत अण्णा पडले. उठवणाऱ्या दोघांपैकी एकानं आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. अण्णांना ऐकू येत नव्हतं, पण नाक जवळ आलेलं दिसत होतं. त्यांनी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. दिंडीतल्या एका मावशींनी आईला सांगितलं. त्यानंतर अण्णा वारीला गेले नाहीत. आईनं एका रात्री दबक्या आवाजात मला फोनवर विचारलं, "तुला काय वाटतं गं? खरंच घेत असतील का?" चाळीस वर्षं संसार केलेली बाई. मी तिच्यावर चिडले. पण फोन ठेवल्यावर मीही विचार केला होता, हे इथं लिहून टाकते.

२०१९ च्या पावसाळ्यात अण्णांना मी पुण्याला माझ्याकडे आणलं. एका न्यूरॉलॉजिस्टनी चालायला लावलं, टाच-चवडा लावून एका रेषेत. अण्णा तिसऱ्या पावलाला कलंडले. डॉक्टरांनी ऐकण्याबद्दल विचारलं, वासाबद्दल विचारलं, आणि टेबलावरची कॉफीची पूड अण्णांच्या नाकाखाली धरली. काही नाही. मग मेंदूचा एमआरआय झाला. रक्तातलं लोह खास उठून दिसेल अशा पद्धतीची चित्रं त्यात काढली होती.

ते चित्र मी अजून विसरलेले नाही. करड्या मेंदूच्या कडेकडेनं, लहान मेंदूच्या घडीघडीतून, मेंदूच्या देठाभोवती एक बारीक काळीभोर रेघ. कुठेही तुटलेली नाही. टोकदार पेन्सिलीनं सावकाश गिरवल्यासारखी. अण्णा चष्मा वर करून स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले.

"कटिंगला आखल्यागत केलंय की."

ती रेघ लोखंडाची होती. या आजाराला सुपरफिशियल सिडरोसिस म्हणतात. मराठीत सांगायचं तर मेंदूच्या पृष्ठभागावर धरलेला गंज. शरीरात कुठेतरी, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, रक्ताचा बारीक झिरपा चालू असतो. वर्षानुवर्षं. एकदम मोठा रक्तस्राव झाला तर माणूस डोकं धरून कोसळतो, अॅम्ब्युलन्स येते, निदान होतं. झिरप्याला आवाज नसतो. ते पाणी साधारण दीडशे मिलिलिटर असतं, पण दिवसाला अर्धा लिटर नवं तयार होतं आणि जुनं शोषलं जातं. म्हणजे कंबरेत पडलेला रक्ताचा थेंब तिथेच राहत नाही, वर मेंदूपर्यंत सगळीकडे फिरतो. रक्तपेशी फुटतात, त्यांतलं लोह सुटतं. लहान मेंदूच्या पृष्ठभागाशी बर्गमन नावाच्या आधारपेशी असतात. त्या हे लोह उचलतात आणि प्रथिनात गुंडाळून ठेवतात, कारण मोकळं लोह विषारी. थोडं असतं तर निभावलं असतं. रोज येतच राहिलं की साठा भरतो, उरलेल्याचा हिमोसिडरिन नावाचा तपकिरी गाळ होतो (मुका मार बसल्यावर चार-आठ दिवसांनी कातडीवर उरतो तो तपकिरी डाग त्याचाच) आणि शेवटी त्या पेशी आणि त्यांच्या शेजारच्या मज्जापेशी मरायला लागतात. तोल सांभाळणारा लहान मेंदूच तो.

आणि कानाची नस का? मेंदूतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक नसा बाहेर पडल्या पडल्या आपलं वेष्टण बदलतात, आतलं मेंदूचं अस्तर सोडून बाहेरचं चढवतात. कानाची नस मात्र जवळजवळ सेंटिमीटरभर मेंदूचंच अस्तर अंगावर घेऊन त्या पाण्यातून जाते. लोह धरून ठेवतं ते हेच आतलं अस्तर. वासाच्या धाग्यांचीही तीच गत. ब्लेझरचं अस्तर बाहेर काढून पावसात हिंडल्यासारखं आहे, असं मी अण्णांना लिहून दिलं तेव्हा त्यांना ते पटकन कळलं. मला डॉक्टरांकडून कळायला दोन भेटी लागल्या होत्या.

हा आजार पहिल्यांदा नोंदवला १९०८ मध्ये, हॅमिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी, तो काळवंडलेला मेंदू आणि मज्जारज्जू बघून. त्यानंतर कित्येक दशकं हे निदान बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच व्हायचं. एमआरआय आल्यावर जिवंत माणसात ही रेघ दिसायला लागली. १९९५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ८७ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला: त्यांतल्या ९५ टक्क्यांना कमी ऐकू येत होतं, ८८ टक्क्यांचा तोल गेलेला होता, ७६ टक्क्यांच्या मज्जारज्जूकडे जाणाऱ्या मार्गांवर परिणाम दिसत होता. हे आकडे मी रात्री मोबाइलवर वाचले आणि पहिल्यांदा रडले. दु:खानं नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या सगळ्या गोष्टी, टाळ, बुक्का, आळीतल्या झोकांड्या, कुणीतरी एकाच कागदावर आधीच लिहून ठेवल्या होत्या.

आता झिरपा शोधायचा. डोक्यात काही सापडलं नाही. पुष्कळदा जुन्या अपघातात मज्जारज्जूभोवतीचं आवरण फाटलेलं असतं, तिथून गळतं. डॉक्टरांनी मानेपासून माकडहाडापर्यंत सगळ्या कण्याचा एमआरआय सांगितला, आणि कंबरेत, दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर, खारकेएवढी गाठ निघाली.

आपला मज्जारज्जू पाठीच्या तळापर्यंत जातो असं मला वाटायचं. तो जात नाही. करंगळीएवढ्या जाडीचा तो दोर कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, आणि त्याच्या शेंड्यापासून एक बारीक तंतू निघून वीतभर खाली माकडहाडापर्यंत जातो, दोर जागेवर ताणून धरायला. त्या तंतूचं नाव लॅटिनमध्ये फायलम टर्मिनाले, म्हणजे शब्दशः शेवटचा धागा. गाठ त्या धाग्याला होती. मी हे कागदावर लिहिलं आणि अण्णा हसले. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"मग बरोबर आहे की. धागा संपला की टोकाला गाठच मारतात."

इंग्रजीत हा विनोद होत नाही. तिथे शिवणातली गाठ वेगळी आणि शरीरातली वेगळी. आपल्याकडे एकच शब्द, आणि शिंप्याच्या घरात तर तो दिवसातून दहा वेळा तोंडात.

गाठीचं नाव मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमा. १९३२ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या कर्नोहन यांनी हा प्रकार वेगळा ओळखून त्याचं वर्णन केलं. रक्तवाहिन्यांभोवती चिकट, बुळबुळीत थर असतो, आणि ती सहज पाझरते. सावकाश वाढते, माणसाच्या आयुष्यात वीस वर्षं काढू शकते. "कॅन्सर नाही, साधी गाठ आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आईनं तिथल्या तिथे हात जोडले आणि फलटणला फोन करून मारुतीपुढे नारळ फोडायला सांगितला. मला तिचा राग आला नाही, पण त्या 'साधी' शब्दाचा आला. साधी म्हणजे ती शरीरभर पसरत नाही, मारत नाही. तिनं अण्णांचे कान नेले, नाक नेलं, पाय नेले, अब्रू नेली, आणि तरी वैद्यकीय अर्थानं ती साधीच. गंमत म्हणजे अण्णांच्या रिपोर्टवर ती पहिल्या श्रेणीची होती. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात हा प्रकार दुसऱ्या श्रेणीत गेला, कारण काढल्यावरही ती पुन्हा उगवू शकते. अण्णांच्या गाठीला ही बढती तिच्या मरणानंतर मिळाली.

कण्यातल्या गाठी काढण्याचा इतिहास मी त्या दिवसांत वेड्यासारखा वाचत होते. लंडनमध्ये १८८७ च्या जूनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी एका कॅप्टनच्या पाठीतली गाठ काढली, ही यशस्वी अशी पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया. त्याचंही दुखणं पाठीतच सुरू झालं होतं आणि तीन वर्षं तो डॉक्टरांचे उंबरे झिजवत होता. शस्त्रक्रियेत अंदाजाच्या जागी गाठ सापडलीच नाही. थोडं आणखी वर उघडल्यावर मिळाली. तो माणूस पुढे चालायला लागला. पण मला आवडली ती न्यूयॉर्कच्या एल्सबर्ग यांची १९१० मधली गोष्ट. मज्जारज्जूच्या आतच गाठ असेल तर तेव्हा ती खेचून काढणं धोक्याचं होतं. त्यांनी रज्जूला बारीक चीर दिली, गाठ बाहेर डोकावायला लागलेली बघितली, आणि हात मागे घेऊन पाठ शिवून टाकली. आठवड्याभरानं पुन्हा उघडलं तर गाठ आपणहून बरीचशी बाहेर आलेली. कच्चा टाका घालून कापड रात्रभर टांगून ठेवायचं, त्याला पडायचं तसं पडू द्यायचं, मग पक्की शिवण. अण्णांना ही गोष्ट फार पटली. आपल्या डॉक्टरनंही तसंच करावं असा त्यांचा आग्रह होता.

तसं करायची गरज नव्हती, कारण ही गाठ रज्जूच्या आत नसून त्याच्या खालच्या धाग्यावर होती. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. धागा कापण्याआधी त्याला विजेचा हलका धक्का देऊन बघतात; पायाचा एकही स्नायू हलला नाही म्हणजे तो नुसता धागाच आहे, चुकून एखादी नस नाही. मग गाठीच्या वर एक कात्री, खाली एक कात्री. गाठ फोडायची नाही, अख्खी उचलायची, नाहीतर तिचे कण त्या पाण्यातून पसरतात. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आतलं पाणी पिवळट होतं. ते नितळ असायला हवं. जुन्या रक्ताचा रंग.

पंधरा दिवसांत अण्णा रात्री आडवे होऊन सलग झोपायला लागले. वीस-बावीस वर्षांनी. आई तीनला दचकून उठायची आणि ते भिंतीशी नाहीत म्हणून घाबरायची.

बाकी काही परत आलं नाही. झिरपा थांबला, पण साचलेला गंज तिथेच. लोह बाहेर काढणारी डेफेरिप्रोन नावाची गोळी सुरू केली. ही मेंदूच्या आतपर्यंत पोहोचते, म्हणून या आजारात वापरून बघतात. मूळची ती थॅलेसेमियाच्या मुलांसाठीची, नव्वदच्या दशकात मुंबईच्या सिप्लानं ती आपल्याकडे आणली. फलटणच्या औषधाच्या दुकानात ती चिठ्ठी बघून पोरानं विचारलं, "लहान मुलाचं आहे का?" पांढऱ्या पेशी एकदम घटू शकतात म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. पहिल्याच आठवड्यात लघवी तांबूस झाली आणि घरात हाहाकार. ते रक्त नसून औषधाला बांधून बाहेर पडणारं लोह, असं डॉक्टरांनी समजावलं. अण्णांनी तर त्याचा हिशेबच ठेवायला सुरुवात केली. "आज जरा जास्त गंज गेला." चित्रातली रेघ पुढच्या वर्षी थोडी फिकी झाली, असं डॉक्टरांना वाटलं. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. अण्णा तेव्हापासून आणखी खालावले नाहीत, एवढं खरं. ते गोळीमुळे की गाठ गेल्यामुळे, कोण सांगणार. कानात बसवायच्या कॉक्लिअर यंत्राचाही विचार झाला. पण ते यंत्र नसेच्या भरवशावर चालतं, आणि नसच गंजलेली. अण्णांनी हात हलवून नको म्हटलं.

आळीत बातमी पसरली की डोक्यात गंज होता. ज्यांनी ती पहिली गोष्ट पसरवली होती ते गृहस्थ केळी घेऊन बघायला आले. बराच वेळ बसले. मोठ्यानं, तोंडाजवळ येऊन काहीतरी बोलत होते. अण्णा मान डोलावत राहिले. ते गेल्यावर मी पाटीवर लिहिलं, 'काय म्हणाले?' अण्णा म्हणाले, "माफी मागत असतील नाहीतर शर्टाचं माप सांगत असतील. मी हो म्हटलंय."

२०२० च्या आषाढात कोविडमुळे वारी चालत निघालीच नाही. माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर ते दाखवत होते. आई डोळे पुसत होती. अण्णा खुर्चीत बसून आवाजाशिवाय ते बघत होते, काठी मांडीवर आडवी. बस पुढे सरकली तसं म्हणाले, "बघ, यंदा तीपण बसूनच गेली."

आता दुकान आई चालवते. तिला बेतणं जमत नाही, अण्णांना रेघ मारता येत नाही. म्हणून ते रेघ मारतच नाहीत. टेबलावर कोपर टेकवून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून खडूचे नुसते ठिपके देतात: मानेला एक, खांद्याला एक, काखेच्या बाकाला चार जवळजवळ. मग आई एकेक ठिपका जोडत कात्री चालवते. मध्येच ती चुकीच्या ठिपक्याकडे वळली की अण्णा काठीनं टेबल ठोकतात.